देवाने परत पाठवलेली गोळी

एका जंगलात, बाळांनो, एक सरकारी दवाखाना होता. जंगलात दवाखाना कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीत सरकार कुठेही पोचतं, हीच तर गोष्टीची गंमत आहे.

दवाखाना म्हणजे जांभळाच्या झाडाखालचा एक सपाट दगड. ते ऑपरेशनचं टेबल. शेजारी वाळक्या गवताच्या चार गाद्या. त्या खाटा. डॉक्टर होते सुतारपक्षी. सगळे त्यांना डॉक्टर सुतार म्हणत. त्यांची चोच इतकी सरळ आणि बारीक, की हाडाच्या सांदीत गेलेला काटाही ते अलगद बाहेर काढत. बोलत मात्र फार कमी, कारण चोचीत सतत काहीतरी धरलेलं असे.

आणि मेट्रन होत्या सगुणाबाई. सगुणाबाई सायाळ होत्या. सायाळ म्हणजे जिच्या पाठीवर हातभर लांब काटे असतात आणि जिच्या वाटेला जाण्याआधी वाघही दोनदा विचार करतो, ती.

सरकारकडून दवाखान्याला सुया येत नसत. सुया मागितल्या की 'मागणी मिळाली' असं उत्तर येई आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच उत्तर येई. म्हणून टाके घालायची वेळ आली की सगुणाबाई आपल्याच पाठीचा एक काटा उपटून डॉक्टरांना देत. दुखायचं. पण त्या म्हणत, घरची वस्तू आहे, वाण्याकडे जायला नको.

साध्या जखमेला एक काटा पुरत असे. आणि जंगलातली दुखणीही साधीच होती. कुणाचा पाय मुरगळायचा, कुणाचा भांडणात कान फाटायचा, सशीणबाई बाळंत व्हायच्या. जुना काटा गेला की हळूहळू नवा उगवे. सगुणाबाईंची पाठ भरलेली असायची आणि ओढ्याच्या पाण्यात स्वतःला बघताना त्यांना बरं वाटायचं.

मग जंगलात बंदुका आल्या.

झालं असं, की काही शिकारी आले होते. राजाची डरकाळी ऐकली आणि बंदुका, काडतुसांच्या पेट्या, चहाची किटली, सगळं टाकून पळाले. आता या जंगलात एक जुना कायदा होता. ज्या वस्तूला मालक नाही, ती राजाची. झाडावरून पडलेलं मधाचं पोळं असो, की सांबराचं गळलेलं शिंग. राजाला हा कायदा मनापासून आवडत असे. राजा वाघ होता. त्याने किटली ठेवून घेतली आणि बंदुका दरबारातल्या मानकऱ्यांना वाटून टाकल्या.

डुकराला बंदूक कशी उडवता येते, असं ज्याला विचारायचं असेल, त्याने बाहेर जाऊन खेळावं. ज्याला ऐकायचं असेल, त्याने बसावं.

तर मानकऱ्यांच्या घरी लग्न असलं, बारसं असलं, कुणी निवडून आलं, कुणी निवडून यायचं थोडक्यात राहिलं, की आकाशात बार काढायचे, अशी पद्धत पडली. शेवटचं मंगलाष्टक झालं, अंतरपाट खाली आला, की धडाड. ज्याच्या घरी जास्त बार, त्याचा मान मोठा.

या जंगलातल्या जनावरांची अशी पक्की समजूत होती, की वर गेलेली गोळी वरच राहते. ती देवाला पोचते आणि तिची चांदणी होते. पोरं रात्री आभाळाकडे बोट दाखवून सांगायची, ही आमच्या आत्याच्या लग्नातली. मग देवाला कळायला नको का, कुणाच्या घरचं कार्य आहे ते? म्हणून मानकरी एका माकड कारागिराकडून प्रत्येक गोळीवर घराण्याचं नाव कोरून घेत. नाव जितकं ठसठशीत, तितका देव खूश.

गोळी अर्थातच खाली येई. पण खाली आलेली गोळी आपली आहे, असं कुणीही मानत नसे. 'आमची तर वर गेली' असं सगळे म्हणत, आणि खोटं म्हणत नसत. सगळ्यांनी डोळ्यांनी वर जाताना पाहिलेली असे.

ज्याच्या अंगात ती उतरे, त्याला उचलून सरकारी दवाखान्यात आणत. तिथे सगळं फुकट होतं ना. फुकट म्हणजे काय, बाळांनो? फुकट म्हणजे ज्याचा खर्च दुसरीकडे कुठेतरी होतो ते.

इथे तो सगुणाबाईंच्या पाठीवर होत होता. गोळीची जखम म्हणजे फाटलेला कान नव्हे. आत शिरताना ती वाटेत येईल ते फाडत जाते. एकेका पेशंटला दहा-दहा काटे लागत. एका सावरीच्या झाडाचा सगळा कापूस एका गोळीत संपे. तेवढ्या कापसात सशीणबाईंची वर्षभराची बाळंतपणं झाली असती, आणि सशीणबाईंचं वर्षभर म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. दगडाचं टेबल दिवसभर अडून राही. डॉक्टरांची चोच बोथट होई. खाटेवर गोळीवाला, खाटेखाली गोळीवाला, आणि साधा पेशंट आला की त्याला सांगायचं, उद्या या.

या 'उद्या या' वाल्यांत एक होत्या गोदाक्का.

गोदाक्का म्हणजे चितळांच्या कळपातली वयस्कर मादी. पावसाळ्यात खडकावरून घसरून मागचा पाय मोडला आणि हाड वाकडं जुळलं. डॉक्टर सुतारांनी पाहून सांगितलं, की हाड पुन्हा सरळ करून बांधावं लागेल, टाके पडतील, पण चालता येईल. मात्र ओढा आटायच्या आत व्हायला हवं. कारण ओढा आटला की चितळांचा कळप डोंगर ओलांडून नदीकडे जायचा. ज्याला डोंगर चढता येत नाही तो मागे राहायचा, आणि उन्हाळ्यात मागे राहिलेलं चितळ पावसाळ्यात कुणाला दिसलेलं नव्हतं.

सगुणाबाईंनी गोदाक्कांना शब्द दिला होता. ओढा आटायच्या आत तुमचा पाय सरळ करून देते. त्यासाठी पाठीवरचे दोन जाडजूड काटे त्यांनी बाजूला राखून ठेवले होते. कुणीही मागितले तरी ते द्यायचे नाहीत, असं मनाशी ठरवलं होतं.

गोदाक्का रोज लंगडत येत, जांभळाखाली बसत, रवंथ करत आणि आल्यागेल्याची चौकशी करत. त्यांचा नंबर आला, की नेमका कुठेतरी बार उडे.

एकदा आरोग्यमंत्री दवाखाना बघायला आले. आरोग्यमंत्री कोल्होबा. त्यांनी सगळीकडे फिरून बघितलं आणि कापूस फार लागतो, असं मत दिलं. पेशंट कापूस खात तर नाहीत ना, याची खात्री करून घ्यायला सांगितलं. मग त्यांना एक युक्ती सुचली. गोळी काढायला खर्च येतो ना, मग काढूच नका. आत राहिली तर तिचं काय बिघडतं?

सगुणाबाईंनी नम्रपणे विचारलं, की त्यापेक्षा बार काढणंच बंद केलं तर?

कोल्होबांना वाईट वाटलं. बाईंना कारभारातलं काही कळत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं.

"मेट्रनबाई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "गोळी हा आमच्या खात्याचा विषय नाही. जखम आमची. गोळी कातडीच्या बाहेर असेपर्यंत आम्ही तिला काही बोलू शकत नाही. आणि आत गेल्यावर बोलून उपयोग काय?"

असं म्हणून ते एका बारशाला गेले. तिथे बार होते.

आता दौलतरावांकडे वळू. दौलतराव रानडुक्कर होते आणि दरबारातले पहिले मानकरी होते. त्यांना एकाच वेळी बारा मुली झाल्या होत्या. साहजिकच त्या बाराही एकाच वेळी लग्नाच्या झाल्या. दौलतरावांनी ठरवलं, की प्रत्येकीचं लग्न वेगळं आणि थाटात करायचं. त्यांनी माकडाला बोलावून गोळ्यांची रास पुढे टाकली आणि प्रत्येकीवर 'दौलतराव' असं वळणदार अक्षरांत कोरून घेतलं.

पहिल्या लग्नाच्या दिवशी दवाखान्यात शांतता होती. ओढ्यात अजून गुडघाभर पाणी होतं. सगुणाबाईंनी ठरवलं, आज गोदाक्का. दगड धुतला. गोदाक्कांना वर चढवलं. गुंगीचा पाला चघळायला दिला. डॉक्टरांनी चोच घासली.

तेवढ्यात पलीकडच्या माळावरून मंगलाष्टकं ऐकू आली आणि लगेच बार उडाले.

थोड्याच वेळात चार वानरं एका अस्वलाला ढकलत, ओढत घेऊन आली. अस्वलाचं नाव हणमंतराव. बिचारे लग्नाला गेलेच नव्हते. मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होते. गोळी वरून आली आणि जी बाजू आभाळाकडे होती तिच्यात बसली.

गोदाक्कांना दगडावरून उतरवावं लागलं. गुंगीत असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही. उलट हणमंतरावांना, ये बाबा बस, म्हणाल्या. बसणं हीच त्यांची अडचण होती.

सगुणाबाईंच्या पाठीचे उरलेसुरले काटे निघाले. राखून ठेवलेले दोन तेवढे त्यांनी दिले नाहीत. डॉक्टरांनी चोच आत घातली, चाचपडून गोळी धरली आणि बाहेर काढली. नेहमी ती झुडपात टाकून देत. आज ती त्यांच्या चोचीतून निसटून पाण्याच्या वाडग्यात पडली आणि धुतली गेली. सगुणाबाईंनी उचलून बघितलं, तर तिच्यावर वळणदार अक्षरांत नाव.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

गोदाक्का गवतावर आडव्या पडून आभाळाकडे बघत होत्या. पाल्याची गुंगी पुरती उतरली नव्हती.

"देवानं परत धाडली गं," त्या संथपणे म्हणाल्या. "नाव वाचलं आणि परत धाडली. आता ज्याची त्याला पोचती कर, सगुणे. देवाचं देणं वाटेत ठेवू नये."

सगुणाबाई गोळी हातात धरून उभ्याच राहिल्या.

कारण, बाळांनो, या जंगलात आणखी एक रिवाज होता आणि तो कायद्यापेक्षाही पक्का होता. देवाला वाहिलेली वस्तू देवाकडून परत आली, तर तो प्रसाद. तो प्रसाद जो घेऊन येईल, तो देवाघरचा पाहुणा. त्याला पाटावर बसवायचं. हवं ते जेवू घालायचं. आणि तो आपण होऊन 'येतो' म्हणेपर्यंत त्याला जा म्हणायचं नाही. म्हटलं, तर घराण्याचं नाक कापलं गेलं समजायचं.

सगुणाबाईंनी वानरांना बँड आणायला सांगितलं.

दौलतरावांच्या अंगणात पंगत बसत होती. नवे व्याही लोडाला टेकून बसले होते. इतक्यात वाजतगाजत मिरवणूक आली. पुढे ढोल, मागे बांबूच्या तिरडीसारख्या डोलीत पालथे झोपलेले हणमंतराव, आणि सगळ्यांत पुढे केळीच्या पानावर गोळी घेतलेल्या सगुणाबाई.

"दौलतराव," त्या म्हणाल्या, "देवाने तुमचा बार स्वीकारला. प्रसाद पाठवलाय."

दौलतराव सवयीने म्हणाले, की आमच्या गोळ्या तर वर गेल्या.

"गेल्या होत्या. ही परत आली. नाव वाचा. आणि प्रसाद आणला तो हणमंतरावांनी. असा तसा नाही, अंगात जपून आणला."

व्याह्यांनी पान जवळ घेऊन नाव वाचलं. मोठ्याने वाचलं. अक्षर सुंदर आहे, असंही म्हणाले. सगळी पंगत दौलतरावांकडे बघू लागली. आता गोळी आपली नाही म्हणावं, तर आपलंच नाव खोटं. पाहुणा नको म्हणावं, तर नाक जातं, आणि डुकराकडे नाकाशिवाय मिरवण्यासारखं असतं काय? दौलतरावांनी हात जोडले आणि पाट मांडायला सांगितला.

हणमंतराव स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त भूक लागायची. लग्नाची जिलबी त्यांनी त्या दिवशी संपवली. मग मध. मग कोठारातली कंदमुळं. मग दुसऱ्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मोहाची फुलं. जखमेमुळे बसता येत नसल्याने ते उभ्यानेच जेवत, आणि उभ्याने जास्त जातं. गाद्या फाडून कापूस त्यांच्या पट्टीला वापरावा लागला. दौलतरावांच्या पत्नी मालतीबाई रोज सकाळी दाराआडून ऐकत, की पाहुणे आज तरी 'येतो' म्हणतात का. पाहुणे विचारत, न्याहारीला काय आहे?

"अहो, दुसरी पोर उजवायची कशानं?" मालतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आणि त्या बंदुकीला हात लावलात तर याद राखा."

टाके सुकले तेव्हा हणमंतराव ढेकर देऊन 'येतो' म्हणाले. दुसऱ्या मुलीचं लग्न ताटल्या वाजवून झालं. बाकीच्या मानकऱ्यांनीही ही बातमी ऐकली आणि आपापल्या बंदुका पोटमाळ्यावर टाकल्या.

दवाखाना एकदम मोकळा झाला. सगुणाबाई खूश होत्या. ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, पण आता घाई नव्हती. पाठीवर राखलेले दोन चांगले काटे होते. त्यांनी गोदाक्कांना दिवस ठरवून दिला.

इकडे दौलतराव राजाकडे गेले. घराण्याची बेअब्रू झाली, म्हणाले. तीनशे पानं उठतील एवढं अन्न एका अस्वलाने खाल्लं, म्हणाले. अशाने आनंद व्यक्त करायचीही चोरी झाली, म्हणाले. राजाला सहानुभूती वाटली. त्याने कोल्होबांना अभ्यास करायला सांगितलं.

कोल्होबांनी जेवण होईपर्यंत अभ्यास केला. सगळ्या अनर्थाचं मूळ त्यांना सापडलं. मूळ म्हणजे गोळीवरचं नाव. नाव नसतं, तर कुणाला काही कळलं नसतं, कुणाच्या घरी अस्वल गेलं नसतं, कुणाचं मन दुखावलं नसतं. लगेच दवंडी पिटली गेली. आजपासून गोळीवर नाव कोरायला सक्त मनाई. बार काढायला परवानगी आहे, नव्हे, उत्तेजन आहे. देव अंतर्यामी आहे, त्याला नावाशिवाय कळतं.

पोटमाळ्यावरच्या बंदुका खाली उतरल्या.

दौलतरावांच्या तिसऱ्या मुलीचं लग्न आणि गोदाक्कांचं ऑपरेशन एकाच दिवशी आलं. ओढ्यात आता फक्त डबकी होती. चितळांच्या पुढाऱ्याने सांगून ठेवलं होतं, की डबकी सुकली की निघणार. पुन्हा दगड धुतला. पुन्हा गोदाक्का वर चढल्या. या खेपेला पाला चघळायच्या आतच बार उडाले.

आणि या खेपेला पेशंट स्वतःच्या पायांनी आला. येताना जांभळाच्या दोन फांद्या मोडल्या. तो हत्ती होता. नाव भीमाजी. कानामागे गोळी घुसली होती आणि रक्त थांबत नव्हतं. भीमाजी ओरडत नव्हते. डोळे मिटून उभे होते, आणि एवढं मोठं अंग बारीक थरथरत होतं.

सगुणाबाईंनी आपल्या पाठीवर हात फिरवला. दोनच काटे. त्या भीमाजींकडे बघत राहिल्या, मग गोदाक्कांकडे बघायचं धाडस त्यांना होईना.

"उतरते मी," गोदाक्का म्हणाल्या. "मला आता या दगडाची चढ-उतर सवयीची झालीय. त्याचं रक्त जातंय बाई. माझा पाय कुठं जातोय?"

पहिला काटा भीमाजींच्या कातडीत मोडला. दुसऱ्या एकट्याने कसेबसे टाके पडले. सगुणाबाईंनी पट्टी बांधली. मग जांभळामागे जाऊन रडल्या. आजवर दवाखान्यात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पाठीवर एक काटा उरला नव्हता आणि दिलेला शब्दही उरला नव्हता. डॉक्टर सुतार शेजारी येऊन बसले. चोचीत काही नव्हतं, तरी काही बोलले नाहीत.

तेवढ्यात कोल्होबा आले. आपल्या दवंडीचा परिणाम कसा झाला, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी गोळी धुऊन मागितली. उलटसुलट करून बघितली. कोरी होती. ते इतके आनंदले, की जमलेल्या सगळ्या जनावरांना त्यांनी ती वर धरून दाखवली.

"बघा मेट्रनबाई. नाव नाही. आता काढा बघू मिरवणूक. नेणार कुणाच्या दारात?"

सगुणाबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे ही कुणाचीच नाही?"

"कुणाचीच नाही."

"या गोळीला मालकच नाही म्हणता?"

"अजिबात नाही," कोल्होबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पूर्ण बेवारस आहे."

जमलेली जनावरं एकमेकांकडे बघू लागली. ज्या वस्तूला मालक नाही ती कुणाची, हे जंगलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोल्होबांनाही ठाऊक होतं. त्यांना ते आठवलं तेव्हा वानरं ढोल गळ्यात अडकवत होती.

मिरवणूक राजाच्या गुहेशी पोचली. सगुणाबाईंनी केळीच्या पानावरची कोरी गोळी पुढे केली. म्हणाल्या, महाराज, ही देवाकडून आली आहे, बेवारस आहे, म्हणून आपली आहे, असं खुद्द आरोग्यमंत्र्यांचं म्हणणं आहे. प्रसाद आणणारे पाहुणे मागे उभे आहेत. राजाने त्यांच्या मागे बघितलं. मागे बघायची गरज नव्हती, कारण गुहेत अंधार झाला होता.

कायदा राजाचा. रिवाज देवाचा. राजाने पाट मांडायला सांगितला. पाट मोडला.

भीमाजी हणमंतरावांपेक्षाही सभ्य होते. रोज संध्याकाळी राजाची विचारपूस करत. पण भूक सभ्य नव्हती. गुहेभोवती बांबूचं दाट बन होतं. त्या बनाआड दबा धरून राजा शिकार करत असे. भीमाजींनी एका बाजूने ते बन खायला घेतलं. पलीकडे राजाचा खास डोह होता, तो दुपारच्या चहासारखा पिऊन टाकू लागले. थोड्याच दिवसांत राजाला दबा धरायला आडोसा उरला नाही. हरणं लांबूनच त्याला बघून नमस्कार करत आणि निघून जात. राजा उपाशी झोपू लागला. पाहुणे मात्र रोज म्हणायचे, आज जरा बरं वाटतंय, उद्या बघू.

शेवटी राजाने सगुणाबाईंना आणि डॉक्टर सुतारांना बोलावणं पाठवलं. हा पाहुणा कधी जाईल?

सगुणाबाई म्हणाल्या, हा गेला तरी दौलतरावांच्या नऊ मुली राहिल्यात. प्रत्येक बार बेवारस आहे. पुढच्या खेपेला कोण येईल, सांगता येत नाही. गेंड्यांचं एक कुटुंब इकडे यायचं म्हणतंय.

राजाने तिथल्या तिथे हुकूम दिला. सगळ्या बंदुका आणून डोहाच्या तळाशी टाकायच्या. डोह रिकामाच असल्याने तळ सापडायला वेळ लागला नाही. भीमाजींनी वर दगड लोटून दिले.

"आणखी काही?" राजाने विचारलं.

"दोन सुया हव्यात, महाराज. एका पेशंटला शब्द दिलाय. जाड आणि लवचीक हव्यात. जंगलात तशी वस्तू आता एकाच ठिकाणी उरलीय."

आणि त्यांनी राजाच्या मिशांकडे बघितलं.

 वाघाच्या मिशीला हात लावायची भाषा आजवर कुणी केली नव्हती. राजाच्या घशातून गुरगुर निघाली. कोल्होबा खांबामागे गेले.

सगुणाबाई वळल्या आणि राजाला पाठ दाखवून उभ्या राहिल्या. राजाला पाठ दाखवणं हा केवढा अपमान.  पाठीवर एकही काटा नव्हता. नुसती भोकं भोकं पडलेली कातडी होती, काही ताजी, काही सुकलेली. एकेका लग्नाची, एकेका बारशाची.

राजाने एकेक भोक पाहिलं. मग त्याने डॉक्टर सुतारांपुढे तोंड केलं आणि डोळे मिटले.

त्याच दुपारी गोदाक्का तिसऱ्यांदा दगडावर चढल्या. जंगल इतकं शांत होतं, की हाड सरळ झाल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. टाके राजाच्या मिशांनी पडले आणि सुंदर पडले. डबकी सुकत आली होती. भीमाजी 'येतो' म्हणाले आणि जाता जाता त्यांनी ओढ्याच्या पात्रात पायाने एक खोल खड्डा करून दिला. त्यात झिरपलेल्या पाण्यावर चितळांचा कळप आणखी काही दिवस थांबला.

मग एका सकाळी कळप निघाला. गोदाक्का सगळ्यांत मागे होत्या, किंचित लंगडत होत्या, पण चढत होत्या. वाटेत भेटेल त्याला पाय दाखवून सांगत होत्या, की यात राजाची मिशी गेली आहे, जरा अदबीनं बघा. डोंगराच्या माथ्यावर थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं. सगुणाबाई खाली जांभळाखाली उभ्या होत्या. त्यांच्या पाठीवर नव्या काट्यांची बारीक टोकं आली होती आणि ती खाजत होती.

कोल्होबांनी काय केलं, असं विचारणार ना? त्यांनी गोळीचे पेशंट संपवल्याबद्दल आपल्या खात्याचा सत्कार करून घेतला. आणि आता पेशंटच नाहीत, म्हणून दवाखान्याचा कापूस बंद केला.

तुम्ही कधी वाघ जवळून बघितलात, तर मिशा मोजा. एका बाजूला दोन कमी भरतील. मोजायला मात्र मला बोलवू नका.

तात्पर्य: बाळांनो, बंदुकीला कुणीही भिऊ नये. भ्यावं ते पेशंटच्या भुकेला. गोळी लागते त्याला नुसतं दुखतं. तिचा खर्च कळतो तो पेशंट ज्याच्याकडे जेवायला बसतो त्यालाच. म्हणून सरकारी दवाखान्यात जाताना जखम लहान असली तरी चालेल, भूक हत्तीची न्यावी.